दंडाची माफी आणि मनाची क्षमा

भुईगांवांत कोणी शेजाऱ्याची केळीची बाग तोडली, तर पंच दंड सोडूं शकतील. पण क्षमा करणें शेजाऱ्याच्याच हातीं राहतें. राजकीय माफीसही हाच विचार लावून पाहूं.

२१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांस गोळी घालून ठार केलें. पिस्तुलें पुरवून त्या खुनास साह्य केलें म्हणून विनायक दामोदर सावरकर यांस १९११ सालीं जन्मठेप झाली. डिसेंबर १९१९ च्या राजघोषणेनें पुष्कळ राजबंदी सुटले. त्यांत ते नव्हते. १९२० त त्यांनीं पुनः अर्ज केला. ६ जानेवारी १९२४ रोजीं ते सुटले, ते रत्नागिरी जिल्ह्यांत राहण्याच्या व पांच वर्षें राजकारण न करण्याच्या अटीवर. ह्या अटी पुढील वर्तनाच्या होत्या; मृताच्या घरच्यांविषयीं त्यांत कांहीं नव्हतें.

दक्षिण आफ्रिकेनें १९९५ च्या कायद्यानें निराळी अट घातली: कृत्य राजकीय हेतूचें असावें व अर्जदारानें सर्व सत्य उघड सांगावें. पीडितांस व त्यांच्या नातलगांस तेथें बोलतां येई. पश्चात्तापाची मात्र सक्ती नव्हती.

ह्यावरून आम्ही असें समजतों कीं, सरकार शिक्षा सोडूं शकतें, सत्यही वदवूं शकतें. क्षमा मात्र ज्याचें घर उजाड झालें त्याच्याच दारीं मागावी लागते.