पाणी शिरलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची पाहणी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांना महापूर आले. अशा पुरात बुडालेला ट्रॅक्टर पुष्कळदा गोठ्याच्या आडोशाला दीर्घकाळ तसाच पडून राहतो. पुढे पेरणी तोंडावर आली म्हणजे तो घाईने चालू करण्याचा प्रयत्न होतो, किंवा भंगाराच्या भावाने विकला जातो. पाहणी केल्यावाचून यांपैकी काहीही करणे नुकसानीचे आहे.

पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरविल्यास वर येणारा दट्ट्या अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्टार्टर मारू नये; ट्रॅक्टर ढकलून वा ओढूनही चालू करू नये. प्रथम बॅटरीच्या तारा सोडाव्यात, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि पुढील क्रमाने पाहणी करावी.

१. तेल : तेलाची पातळी वरच्या खुणेपेक्षा अधिक असेल किंवा तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी आहे असे समजावे. मात्र पाणी तेलाहून जड असल्यामुळे पडून असलेल्या इंजिनात ते तळाशी बसते व पट्टीला वरचे स्वच्छ तेलच लागते. यास्तव चेंबरचा बूच सैल करून प्रथम काय बाहेर येते ते पाहावे.

२. एअर क्लीनर : त्यात पाणी वा गाळ आढळल्यास तो सिलिंडरपर्यंत गेला असण्याचा संभव असतो.

३. सिलिंडर : सर्व नोजल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल व इंजिन तेल सोडावे आणि एक दिवस थांबावे. नंतर पुढील पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. पाणी नोजलच्या छिद्रांतून बाहेर पडेल. इंजिन अडल्यास जोर करू नये.

४. डिझेल : टाकी व फिल्टर यांच्या तळाचे पाणी काढावे. पंपात पाणी गेले असल्यास तो जाणकाराकडूनच तपासून घ्यावा.

गिअरबॉक्स व हायड्रॉलिकचे तेलही याच वेळी पाहावे.

पुराचा संबंध नसताना तेलात पाणी आढळले व रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, हेडची चीर किंवा लायनरच्या रबरी कड्या तपासाव्यात. येथे केवळ तेल बदलून भागत नाही.

इंजिन मोकळे फिरत असल्यास तेल व फिल्टर बदलून, कारागिराच्या देखरेखीखाली ते चालू करावे आणि थोडा वेळ चालवून तेल पुन्हा बदलावे. इंजिन अडलेले असल्यास हेड उघडावे. लायनरवर केवळ गंजाचे डाग असतील, तर ते साफ करता येतात. नख अडकेल असे खड्डे असतील, तर लायनर बदलावा लागतो. हा खर्च समजल्यावरच दुरुस्ती वा विक्री यांचा निर्णय घ्यावा. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही पाहणी शेतकऱ्यांसमक्ष करून निष्कर्ष लिहून द्यावेत.