वाघ-बकरीचा डाव

मंडळी, आज आपण एका जुन्या खेळाचे नियम वाचू. या खेळाला पैसा लागत नाही. पारावर कोळशाने पट आखावा. वाघ म्हणून 4 खडे आणि बकऱ्या म्हणून 20 चिंचोके घ्यावेत. दोघे समोरासमोर बसले, की झालं!

आपल्याकडे याला वाघ-बकरी म्हणतात. नेपाळात बाघचाल म्हणतात. तमिळ मुलखात 3 वाघ आणि 15 बकऱ्यांचा खेळ आहे. ठिकठिकाणी पट बदलतो, नियमही बदलतात. येथे आम्ही 25 घरांच्या पटाचे नियम देत आहोत.

पट कसा आखावा

आडव्या 5 आणि उभ्या 5 रेघा ओढा. रेघ रेघेला जिथे भेटते, ते एक घर. घरांना असे आकडे घाला :

1 2 3 4 5
6 7 8 9 10
11 12 13 14 15
16 17 18 19 20
21 22 23 24 25

आता तिरक्या रेघा ओढा. एक 1 पासून 25 पर्यंत. दुसरी 5 पासून 21 पर्यंत. मग 3 वरून 11, 11 वरून 23, 23 वरून 15 आणि 15 वरून पुन्हा 3.

एक खूण ध्यानात ठेवा. 1, 3, 5, 7 अशा विषम घरांतूनच तिरके जाता येते. 2, 4, 6, 8 अशा सम घरांतून फक्त उभे-आडवे.

नियम

1. चार वाघ चार कोपऱ्यांत बसवावेत : 1, 5, 21 व 25.
2. पहिली पाळी बकरीची. दर पाळीला एकच बकरी रिकाम्या घरात ठेवावी. मग एक वाघ एक घर चालेल.
3. सगळ्या 20 बकऱ्या मांडून होईपर्यंत एकही बकरी सरकवू नये. नंतर बकरीही एकेक घर चालते.
4. शेजारी बकरी असेल आणि त्याच रेघेवर तिच्या पलीकडचे घर रिकामे असेल, तर वाघ उडी मारून ती बकरी खातो. एका पाळीत एकच. वाघावरून उडी नाही.
5. बकरी कोणाला मारत नाही.
6. वाघाने 5 बकऱ्या खाल्ल्या, तर वाघ जिंकला. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही, तर बकऱ्या जिंकल्या.

बकऱ्या कशा जिंकतात?

समजा, पहिली बकरी 2 वर ठेवली. 1 वरचा वाघ उडी मारून 3 वर गेला. बकरी गेली! आता पहिली बकरी 3 वर ठेवून पहा. वाघ 1 वरून 2 वर आला. आपण लगेच दुसरी 4 वर ठेवली. 2 वरच्या वाघाला 4 मोकळे नाही. 5 वरच्या वाघाला 3 मोकळे नाही. दोन्ही बकऱ्या वाचल्या.

बकरीचे बळ शिंगांत नाही, पाठच्या बकरीत आहे. पाठचे घर भरलेले असेल, तर वाघ नुसता बघत राहतो. अशी एकेक जागा धरत पुढे सरकावे. घाईने फट ठेवली, की कळप फुटला.

नियम लिहून ठेवा

डावात भांडण बहुधा हरण्यावरून होत नाही. "हे ठरलंच नव्हतं!" यावरून होते. म्हणून नियम पाटीवर लिहावेत आणि खेळण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचावेत. ज्या संताजी जगनाडे महाराजांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, त्यांची समाधी आपल्या सुदुंबऱ्यातच आहे. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले हाती राहते, हे आपल्या गावाला नव्याने सांगायला नको.

शेताच्या बांधाचे, उसनवारीचेही तसेच आहे. नियम वाचल्याशिवाय डाव मांडू नये, कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न

1. 8 या घरातून तिरके जाता येते का?
2. वाघ 13 वर, बकरी 14 वर, 15 रिकामे. वाघ काय करील?
3. तीच बकरी वाचवायची, तर दुसरी बकरी कोठे ठेवाल? उत्तर वहीत लिहा.