बांधलेलं इंजिन आधी स्टँडवर चालवा

मुलगा किंवा मुलगी दहावीला आहे, मार्क बरे पडतात, पण जीव सगळा इंजिनात. शेजारच्या गॅरेजमधून हाक मारून आणावं लागतं. अशा घरातले आईवडील विचारतात, ‘यात पोट भरेल का?’ प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर मी म्हैसूरच्या आधाराने देतो.

म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना १९६१पासून मोटरसायकली बनवत होता. आधी जावा, मग येझदी. दोन्हींची इंजिनं टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी. १९९६मध्ये कारखाना बंद पडला. तरी त्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात, कारण कोणीतरी त्यांची इंजिनं पुन्हा बांधतं. आता त्याच शहरातली दुसरी तारीख पाहा. २० मार्च २०२४ रोजी बीईएमएल या सरकारी कंपनीच्या म्हैसूरमधल्या इंजिन विभागात मुख्य रणगाड्यासाठीच्या १५०० अश्वशक्तीच्या स्वदेशी इंजिनाची पहिली चाचणी झाली. एकीकडे गल्लीतला मिस्त्री, दुसरीकडे संरक्षण खात्याचा प्रकल्प. काम मात्र एकाच जातीचं: जोडलेलं इंजिन भरवशाचं आहे हे वाहनात बसवण्याआधी सिद्ध करायचं. हे काम शिकायला एक उत्तम प्रकल्प आहे, हवेवर थंड होणाऱ्या मोटारीच्या इंजिनासाठी चाकांवरचा चाचणी स्टँड.

फोक्सवॅगन बीटलचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. त्याला रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत, त्यामुळे ते गाडीबाहेर चालवणं तुलनेने सोपं. पण त्याचा स्टार्टर इंजिनावर नसून गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवर, म्हणजे त्याच्या इंजिनाकडच्या कवचावर, बसतो. म्हणून भंगारातल्या गिअरबॉक्सचा तेवढा भाग कापून लोखंडी चौकटीला बोल्टने आवळतात. इंजिन त्याच्या नेहमीच्या चार जागी टांगलं जातं आणि स्टार्टरचीही सोय होते. हे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. ते लोखंडाला वेल्ड होत नाही, आणि त्याचा बारीक कीस पेट घेऊ शकतो. ग्राइंडर न लावता करवतीने सावकाश कापायचं, कीस लगेच गोळा करायचा, आणि पेटलाच तर पाणी अजिबात ओतायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. हे काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीच व्हावं.

इंजिन शंभर किलोच्या पुढे जातं, म्हणून चौकट रुंद आणि बुटकी हवी. चाकं ने-आणीपुरती, चालवताना भार स्क्रूच्या पायांवर घ्यायचा, नाहीतर थरथरीने स्टँड सरकतो. बारा व्होल्टची बॅटरी, इग्निशनची कळ, सगळं एका झटक्यात बंद करणारं बटण, तेलाच्या दाबाचा आणि तापमानाचा गेज, आरपीएम मीटर आणि एक्झॉस्टपासून लांब बांधलेली पेट्रोलची छोटी टाकी. पंख्याभोवतीचं पत्र्याचं आवरण काढून इंजिन चालवायचा मोह होतो, कारण सगळं उघडं दिसतं. तो टाळाच. वारा सिलिंडरांवरून वळवणारं तेच आवरण असतं. ते नसेल तर थोड्याच वेळात इंजिन तापून नवी बांधणी वाया जाते.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, इग्निशन तोडून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने नुसतं फिरवायचं. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्यावर मंद गतीत ठेवायचं नाही. सुमारे २००० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवायचं, म्हणजे त्यांचे पृष्ठभाग एकमेकांत नीट बसतात. गरम तेलाचा दाब दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय असावा, असा मिस्त्रींचा जुना हिशेब. गार झाल्यावर व्हॉल्व्हची फट फिलर गेजने ०.१५ मिमी आहे का पाहायची, कॉम्प्रेशन मोजायचं, गळती शोधायची. इंजिन किती ताकद देतं हे मात्र या स्टँडवर कळत नाही. त्यासाठी भार देणारा डायनॅमोमीटर लागतो.

पालकांनो, सुरक्षेची काळजी करा, आणि ती कडक शब्दांत करा. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. इंजिन मोकळ्यावरच चालवायचं. अग्निशामक हाताशी, पट्ट्यावर जाळी, कानांना संरक्षण, ओढणी किंवा सैल बाही नको. सुरुवात बीटलपासून करायचीही गरज नाही. जुन्या स्कूटरचं इंजिन स्वस्तात मिळतं आणि तेवढंच शिकवतं.

आता नोकरीचं. केवळ जुन्या मोटारींवर संसार उभा करायचा बेत मी सुचवणार नाही. ती बाजारपेठ छोटी आहे. पण चाचणीचं कौशल्य दूरवर जातं. दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल किंवा फिटर, दोन्ही दोन वर्षांचे. किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. म्हैसूरमध्ये १९४६पासून एनआयई ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आहे, हत्यारं आणि साचे घडवायला शिकवणारं सरकारी टूलरूम केंद्र जीटीटीसी आहे. महाराष्ट्रात पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या संस्था वाहनचाचणी करतात. विजेच्या गाड्यांमुळे हे सगळं संपेल, ही भीती मला पटत नाही. मोटरचीही डायनॅमोमीटरवर चाचणी होते, तिचंही तापमान मोजावं लागतं, आणि वायरिंग तर आणखी नेटकं लागतं.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणण्याची पद्धत सर्रास आहे. ते पैसे लोखंड, गेज आणि भंगारातल्या इंजिनावर खर्च करा. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवायला सांगा: तारीख, तेल कोणतं, दाब किती, तापमान किती, काय बदललं, का बदललं. जे इंजिन सुरूच झालं नाही त्याचीही नोंद त्यात हवी, दोष कसा शोधला त्या क्रमासकट. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत ती वही न्यायची, मूळ, तेलाच्या डागांसकट.