दुबई खरोखर तीन तासांवर आहे काय?

फैजपूर, सावदा, यावल भागात केळीचे व्यापारी असोत की हाताचे कसब असलेले कारागीर, दुबईशी कामाचा संबंध येणारे बांधव पुष्कळ आहेत. "दुबई म्हणजे तीन तास," असे आपण सहज बोलून जातो. त्या भरवशावर भेटीची वेळ दिली, तर सौदा हातचा जाऊ शकतो. म्हणून आज हा हिशेब नीट मांडू.

प्रथम अंतर पाहू. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, तसे हे अंतर मोजतात. जेट विमान उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ८५० किलोमीटर जाते. भागाकार केला तर सव्वादोन तास येतात. पण प्रत्यक्षात तीन ते सव्वातीन तास लागतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांत वेळ जातो. शिवाय ठरलेला हवाई मार्ग दोऱ्याइतका सरळ नसतो. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचा वारा जोराचा असतो, म्हणून जाताना जास्त व येताना कमी वेळ लागतो.

आता घड्याळ. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. भारताची वेळ ८२॥ अंश रेखांशावरची, दुबईची ६० अंशांवरची. म्हणून दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. तिकिटावर सुटण्याची वेळ त्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ दुसऱ्या शहराची छापतात. मुंबईहून सकाळी १० ला सुटलेले विमान दुबईत पावणेबाराला उतरले, तर पावणेदोन तासच लागले असे वाटते. त्यात दीड तास मिळवा, म्हणजे खरे सव्वातीन तास निघतात. जेद्द्याला जाताना अडीच तास मिळवावे लागतात. परतीच्या प्रवासात हाच फरक वजा करावा.

आता फैजपूरच्या घरापासून मोजू. समजा, दुबईत सकाळी १० ची भेट ठरली आहे. तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतील. हिशेब उलटा करा. कागदपत्रांची तपासणी, सामान व शहरातील वाहन यांना दोन तास, म्हणजे विमान साडेनऊला उतरले पाहिजे. सव्वातीन तास वजा केले की सुटण्याची वेळ सव्वासहा. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे पहाटे सव्वातीनला हजर राहावे. गाडी उशिरा आली तरी चालावे म्हणून मुंबईत रात्री १ पर्यंत पोहोचावे. भुसावळहून सात-आठ तासांचा प्रवास, म्हणून संध्याकाळी ५ ची गाडी धरावी. ती गाठायची तर फैजपूर दुपारी साडेतीनला सोडावे लागते.

एकूण २० तास झाले. त्यांत विमानाचे फक्त सव्वातीन!

म्हणून आमचे सांगणे एवढेच: भेट ठरवताना समोरच्याला "तुमच्या घड्याळाने की आमच्या?" असे स्पष्ट विचारावे, आणि शक्य असल्यास एक दिवस आधी पोहोचावे. मुक्कामाचा खर्च दिसतो. पण रात्रभर जागून, थकलेल्या डोक्याने केलेल्या सौद्यातला तोटा मागाहून कळतो.