मृग कोठें जातो?

जून महिन्याची ७ किंवा ८ तारीख आली म्हणजे खेडोपाडीं "मृग लागला" असें जो तो म्हणतो. परंतु त्या रात्रीं आभाळ स्वच्छ असलें तरी मृग नक्षत्र कोठें दिसत नाहीं. ज्याच्या नांवानें पेरणीची घाई होते, तेंच नक्षत्र ऐन वेळीं नाहींसें कां व्हावें, ह्याचा आज आपण विचार करूं.

जानेवारीच्या आरंभीं रात्रीं ८ च्या सुमारास पूर्वेकडे पाहावें. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन व त्याच्या पोटांत एका ओळींत तीन तारे दिसतील. चौकोन हा मृग, आणि तीन तारे हा त्याला लागलेला बाण. एका ठराविक जागीं उभें राहून हा बाण घराच्या आढ्यावर किती वाजतां येतो, तें पाहून ठेवावें. दुसरे दिवशीं तो सुमारें ४ मिनिटें आधीं तेथें येईल, व पंधरा दिवसांनीं एक तास आधीं. असें होतां होतां एप्रिलांत मृग सायंकाळींच पश्चिमेकडे कललेला दिसतो, आणि मे अखेर सूर्याच्या तेजांत लपतो.

ह्याचें कारण मुलांना समजवावयाचें असल्यास खोलीच्या मध्यें कंदील ठेवावा. एका भिंतीवर खडूनें "मृग" व समोरच्या भिंतीवर "ज्येष्ठा" असें लिहावें. कंदील हा सूर्य, व त्याच्याभोंवतीं चालणारा मुलगा ही पृथ्वी. कंदिलाकडे पाठ केली म्हणजे रात्र. मुलगा मृगाच्या भिंतीजवळ असतां पाठ फिरवील, तर त्याला मृग दिसेल, ही जानेवारी. तोच पलीकडे गेला म्हणजे मृग कंदिलामागें पडतो, व रात्रीं त्याला ज्येष्ठा दिसते, हा जून. म्हणूनच जूनच्या रात्रीं दक्षिणेकडे ज्येष्ठेचा तांबूस तारा आढळतो. मृग कोठें गेला नाहीं. आपणच फिरून पलीकडे आलों.

पृथ्वी सूर्यापासून सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर राहून, दर सेकंदास सुमारें ३० किलोमीटर वेगानें, ३६५¼ दिवसांत ही फेरी पुरी करते. कोणी विचारील, "आपण एवढे फिरतों, तर तारे जागचे हललेले कां दिसत नाहींत?" ते फार दूर आहेत म्हणून. सूर्याचा प्रकाश आपणांस ८ मिनिटांत पोंचतो. मृगाच्या शेजारच्या व्याधाच्या प्रकाशास ८ वर्षांहून अधिक काळ लागतो. तरीही अत्यंत सूक्ष्म असा फरक पडतोच, व तो सन १८३८ सालीं बेसेल नामक जर्मन ज्योतिषज्ञानें एका ताऱ्याविषयीं मोजून दाखविला.

मग पाऊस कोण आणतो? पृथ्वीचा आंस सुमारें २३½ अंश कललेला आहे. जूनमध्यें आपला उत्तर भाग सूर्याकडे झुकतो, जमीन समुद्रापेक्षां अधिक तापते, आणि समुद्रावरील ओलसर वारे आपणांकडे येतात. ते कधीं लवकर येतात, कधीं उशिरां. सन १९७२ सालीं महाराष्ट्रांत भयंकर दुष्काळ पडला. त्याही सालीं सूर्य ठरल्या तारखेस मृगांत आलाच होता!

तेव्हां मृग ही वर्षाच्या वाटेवरील खूण आहे, पावसाचा धनी नव्हे. खूण पाहून नांगर-पाभर सज्ज करावी, हें योग्यच. परंतु केवळ तारीख आली म्हणून, किंवा एका सरीवर भुलून, कोरड्या मातींत बीं टाकणारास पुष्कळदां दुबार पेरणी करावी लागते, आणि बियाणांसाठीं घेतलेलें कर्ज दुप्पट होतें. ह्यास्तव आमची वाचकांस विनंती कीं, आकाशाकडे अवश्य पाहावें. पण मूठ उघडण्यापूर्वीं जमीन उकरून ओल किती खोल गेली आहे, तेंही पाहावें.