'चिकन' नेमके कोणते नाम?

प्रश्न : सहावीतल्या मुलीच्या इंग्रजीच्या वहीत 'चिकन' हा शब्द एकदा कॉमन नाउनखाली आणि एकदा मटेरिअल नाउनखाली लिहिलेला आहे. बाईंनी दोन्हीकडे बरोबरची खूण केली आहे. हे कसे?

उत्तर : बाईंचे बरोबर आहे. शब्दाचा प्रकार एकदा पाठ केला की झाले, अशी आपली समजूत असते. पण तो ठरतो वाक्यातल्या वापरावरून.

'आय सॉ अ चिकन' हे वाक्य घ्या. अंगणात कोंबडी दिसली. ती मोजता येते, म्हणून आधी 'अ' आला. दोन दिसल्या तर 'टू चिकन्स'. हे कॉमन नाउन, म्हणजे सामान्यनाम. आता 'आय एट चिकन'. इथे ताटात मांस आहे. ते थोडे किंवा जास्त असते, एक-दोन नसते. म्हणून 'अ' गळाला आणि शब्द मटेरिअल नाउन, म्हणजे पदार्थवाचक नाम झाला. इथे चुकून 'अ' घातलात, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही अख्खी कोंबडी फस्त केली! 'फिश' आणि 'लॅम्ब'चेही असेच.

गाय-डुकरांच्या बाबतीत हा घोळ होत नाही. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंचमधून मांसासाठी वेगळे शब्द इंग्रजीत रुळले. त्यामुळे गोठ्यात 'काऊ', ताटात 'बीफ'. तसेच 'पिग' आणि 'पोर्क'.

'शीप'चे अनेकवचनही 'शीप'च, म्हणून पुष्कळ मुले त्याला कलेक्टिव्ह नाउन समजतात. पण 'वन शीप, टेन शीप' असे मोजता येते, तेव्हा ते सामान्यनामच. कळप दाखवणारा शब्द 'फ्लॉक'. तो कलेक्टिव्ह, म्हणजे समूहवाचक. गुरांचा 'हर्ड', लांडग्यांचा 'पॅक', सिंहांचा 'प्राइड'. यातला 'प्राइड' मला फार आवडतो. सिंहांपुढून उचलून 'शी टुक प्राइड इन हर वर्क' या वाक्यात ठेवला, की त्याचा अर्थ अभिमान आणि प्रकार ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे भाववाचक!

विशेषनाम फक्त माणसांना आणि गावांना असते, हाही गैरसमजच. महाराणा प्रतापांचा 'चेतक' विशेषनामच आहे. घरच्या कुत्र्याचे नाव 'टायगर' ठेवलेत, तर तेही विशेषनाम. इंग्रजीत लिहिताना त्याचे पहिले अक्षर कॅपिटल हवे.

मुलीला एवढे मात्र सांगून ठेवा : शालेय मराठी व्याकरणात नामाचे मुख्य प्रकार तीनच. तिथे 'कळप' आणि 'लोकर' दोन्ही सामान्यनामातच मोडतात, म्हणून मराठीच्या पेपरात इंग्रजीतले पाच प्रकार लिहू नयेत.