लग्नाच्या फोटोंचा धंदा आणि वेबसाईटची मशागत



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खते यांची माहिती घेतो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण आपल्याच घरातला आहे. आमच्या गटातील एका सभासदाच्या मुलाने लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा सुरू केला. कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता उसाच्या बिलातून जातो. पैसे घालून वेबसाईटही केली. सभासद ऑफिसात येऊन म्हणाले, "साहेब, वर्ष झालं, त्या वेबसाईटवरनं एक फोन नाही. पोरगं खचलंय. बघा की जरा." आम्ही उसातली माणसं. तरी मुलाला शेजारी बसवून आमच्याच मोबाइलवर ती उघडली, जाणकारांनाही विचारले. त्यातून समजले ते असे :

१) पान लवकर उघडावे : आमचा चहा संपला तरी पान उघडेना. कॅमेऱ्यातला एकेक फोटो ८ एमबीचा, असे ४० फोटो जसेच्या तसे चढवलेले. म्हणजे ३२० एमबी झाले. वस्तीवर रेंज कशी असते ते आपण जाणताच. तोच फोटो १६०० पिक्सेल रुंद करून ३०० केबीच्या आसपास बसवला, तर चाळीसांचे मिळून १२ एमबी होतात. मोबाइलवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. वेबसाईट आधी मोबाइलवर तपासावी. गूगलनेही २०१६ साली जाहीर केले, की नोंद घेताना मोबाइलवरचे पान आधी धरले जाईल.

२) नुसता बांधाकडेचा ऊस दाखवू नये : वीस लग्नांतला एकेक निवडक फोटो म्हणजे बांधाकडेचा ऊस. तो जोमदार दिसतोच. प्लॉट कसा आहे हे आत शिरल्यावरच कळते. म्हणून दोन-तीन लग्ने हळदीपासून पाठवणीपर्यंत पूर्ण दाखवावीत. संध्याकाळचा अपुरा उजेड, अक्षता पडतानाची गर्दी, पंगतीतली म्हातारी माणसं, हे कसे टिपले ते मुलीच्या आई-वडिलांना बघायचे असते.

३) गाव, दर आणि फोन : सगळा मजकूर इंग्रजीत, आणि गावाचे नाव कुठेच नाही! मग तालुक्यातला माणूस शोधणार कसा? आपले गाव, तालुका, कुठकुठे जातो, हे साध्या मराठीत लिहावे. प्रत्येक फोटोला दोन शब्दांचे वर्णन जोडावे. दर निदान 'इतक्यापासून पुढे' असा द्यावा, आणि त्यात किती दिवस, किती माणसे, अल्बमची किती पाने, हे सांगावे. फोन नंबर प्रत्येक पानावर, बोट लावताच लागेल असा हवा. शिवाय गूगलवर धंद्याची नोंद फुकट करता येते. तिथे झालेल्या गिऱ्हाइकांना खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. पाहुण्यारावळ्यांकडून खोटे लिहवून घेऊ नये.

४) लेखी परवानगी : हे मुलाला ठाऊकच नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. वेगळा करार असेल तरच गोष्ट निराळी. म्हणजे गिऱ्हाइकाचे फोटो न विचारता लावणे म्हणजे दुसऱ्याच्या रानातला ऊस तोडणे. इसार घेतानाच कागदावर संमती घ्यावी. मुलीकडची मंडळी नको म्हणाली तर तो फोटो लावू नये. लेकीबाळींच्या अब्रूचा प्रश्न आहे.

मुलाने महिनाभर बसून हे सारे दुरुस्त केले. दोन घरांनी संमती दिली नाही, ते फोटो काढून टाकले. मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. दर वाचलेलाच होता. त्यांनी फक्त तारीख मोकळी आहे का ते विचारले. एका फोनने हप्ता फिटत नाही, हे आम्हालाही कळते. पण उगवण झाली आहे.

तुळशीविवाहानंतर मुहूर्त सुरू होतात, ठरवाठरवी त्याआधीच होते. तरी ज्यांच्या घरी असा धंदा आहे त्यांनी ही मशागत दिवाळीपूर्वी उरकावी, ही विनंती.

— ऊसविकास अधिकारी